साहेबाचं इंजिन, कोरेगावची वाळू

आमच्या घरात माळ्यावर एक खोली आहे, तिला सगळे 'रेल्वे' म्हणतात. पाहुणे आले की आई सांगते, "तो होय, रेल्वेत आहे." नव्या माणसाला वाटतं मुलगा सरकारी नोकरीत आहे. मग बायको दुरुस्ती करते, "रेल्वेत नाही, रेल्वेखाली आहे." तेही खरंच. वायरी जोडायच्या तर प्लायवूडखाली उताणं झोपावंच लागतं.

तर मंडळी, आज त्या रेल्वेबद्दल. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. नातेवाइकांत याबद्दल बऱ्याच दंतकथा पसरल्या आहेत, त्यांचाही खुलासा होऊन जाईल.

हा किडा डोक्यात शिरला तो पुण्यात कॉलेजला असताना. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. एका मित्राबरोबर वेळ घालवायला म्हणून गेलो. अंधार झाला, छोट्या गावातले दिवे लागले, सिग्नल पडले आणि एकामागून एक गाड्या सुटल्या. आजूबाजूची पोरं ओरडत होती आणि मी त्यांच्याहून जास्त! बाहेर आल्यावर मित्र भेळ खाऊ म्हणाला. मला भूकच नव्हती.

पुढे नोकरी, लग्न, परत कोरेगाव. दरम्यान मावसभाऊ इंग्लंडला गेला आणि एका दिवाळीला त्याने हॉर्नबी कंपनीचा एक संच आणला. लहानसं हिरवं इंजिन, तीन डबे आणि गोल रूळ. तिथून सुरुवात. आज सहा बाय चार फुटांच्या प्लायवूडवर दुपदरी मार्ग आहे, एक बोगदा आहे (वर्तमानपत्रं आणि खळ), आणि मुख्य राणी म्हणजे 'फ्लाइंग स्कॉट्समन'. खरं इंजिन १९२३ सालचं. १९३४ मध्ये त्याने ताशी शंभर मैलांचा वेग गाठला, तसा अधिकृतपणे नोंदला गेलेला वाफेच्या इंजिनांचा हा पहिलाच विक्रम. माझं इंजिन एक फुटाचं आहे आणि बाराच व्होल्टवर चालतं. वेग फार वाढवला तर वळणावर सरळ फरशीचा रस्ता धरतं.

लोकांना वाटतं, बटण दाबलं की गाडी पळते. पळते ना, पण आधी तासभर सेवा करावी लागते. वीज रुळातून चाकात जाते आणि चाकातून मोटरीत. रुळावर धूळ किंवा काळपटपणा आला की गाडी अडखळत चालते. त्यात आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात ओल. म्हणून गाडी लावण्याआधी कापडाला स्पिरिट लावून सगळे रूळ पुसायचे, चाकं पुसायची, आणि दांड्यांना तेल द्यायचं तेही इंजेक्शनच्या सुईने, एकच थेंब. दोन थेंब पडले की संपलं, त्यावर धूळ बसून पुन्हा पहिले पाढे.

आता दंतकथेकडे येतो. अण्णांचं आणि माझं या खोलीवरून वाजलं होतं हे खरं आहे. चूक माझी होती. स्कॉट्समन मागवलं तेव्हा किंमत मी घरात निम्मी सांगितली होती. वर कस्टम ड्यूटीची पावती पुस्तकात दडवली आणि ती नेमकी अण्णांच्या हाती लागली. अण्णांनी सारी उमर एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढली. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "खेळण्याचं काही नाही रे. खोटं कशापायी बोललास?" त्यानंतर दोन वर्षं ते माळ्यावर चढले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात मला रुळांखाली खडी घालायची हुक्की आली. विकतची खडी परवडेना, म्हणून बांधकामावरची वाळू आणून चहाच्या गाळणीने चाळली, डिंकात बसवली. दिसायला फक्कड! दुसऱ्या दिवशी स्कॉट्समन सोडलं. अर्धा फेरा झाला आणि कर्रर्र आवाज करून ते जे थांबलं ते थांबलंच. मोटरला वास यायला लागला. मी माळ्यावरून काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण ते खाली ऐकू गेलं असावं. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. अण्णा होते, हातात त्यांचा घड्याळजी स्क्रूड्रायव्हरचा डबा.

त्यांनी चष्मा सावरला, इंजिन उलटं केलं, चार स्क्रू काढले. आत मोटरीच्या चुंबकाला काळ्या पुडीची मिशी आली होती. "तुझी वाळू खाल्ली यानं," अण्णा म्हणाले. आपल्याकडची वाळू म्हणजे काळ्या कातळाचा चुरा, त्यात चुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. विलायती इंजिनाला कोरेगावची वाळू पचली नव्हती! टाकण्याआधी तिच्यातून चुंबक फिरवून घ्यायला हवं होतं. अण्णांनी चिकटपट्टीने एकेक कण टिपून काढला. दीड तास गेला. आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

इंजिन पुन्हा रुळावर ठेवलं. अण्णा वाकून समोरून बघायला लागले आणि म्हणाले, "अरे, हे अंगानं थोराड अन् पायानं बारीक कसं? रूळ अरुंद आहेत याचे."

मी उडालोच. या खेळातली ही जुनी लबाडी आहे. इंग्लंडची इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान. त्यामुळे पूर्वी १:८७ च्या मापात त्यांची मॉडेलं केली तर तेव्हाच्या मोटरी आत मावेनात. म्हणून अंग वाढवून १:७६ केलं, रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच ठेवले. खऱ्या हिशोबाने ते १८.८३ हवेत. इतकी वर्षं मी ते बघत होतो, मला कधी डोळ्यांनी दिसलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं फक्त.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आपल्या जुन्या गाडीसारखं दिसतंय म्हणून."

आजोबा कोरेगाव स्टेशनवर पॉइंटमन होते. पुणे-मिरज मार्ग मुळात मीटरगेज, सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टाकलेला. १९७० च्या आसपास तो ब्रॉडगेज झाला. अण्णा शाळेत असताना आजोबांचा डबा घेऊन स्टेशनवर जायचे. रूळ एक मीटरचे आणि वर इंजिनाचं हे एवढं धूड, ते चित्र त्यांच्या डोळ्यांत पक्कं बसलेलं. त्या काळी देशभर मीटरगेजवर वायपी जातीची इंजिनं पॅसेंजर ओढायची. त्यातली बरीच जमशेदपूरला झाली, काही थेट ग्लासगोहून आली. म्हणजे साहेबाचं इंजिन आपल्या घराला अगदीच परकं नव्हतं.

आजोबांचा रेल्वेच्या कपड्यातला एकही फोटो आमच्याकडे नाही. त्या संध्याकाळी अण्णा बोलत गेले आणि मी पॅडवर काढत गेलो. पाण्याचा नळ कुठे होता, सांधा बदलायचा दांडा कुठे, आजोबा कंदील कुठे टांगायचे. आज त्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत, वंदे भारत धावते. तो नळ दाखवायला आता फक्त अण्णाच आहेत.

हॉर्नबीने २०२२ मध्ये १२ मिलिमीटर रुळांची नवी मालिका काढली. १:८७ च्या मापात ते जवळजवळ बरोबर मीटरगेज होतात. चार फूट मागवले, आणि किंमत आधी अण्णांना सांगितली. पैसा न् पैसा! आता बोर्डाच्या कडेला पुठ्ठ्याचं कोरेगाव उभं राहतंय. खडी तिथलीच आहे, चुंबक फिरवलेली. पिवळ्या पाटीवरची अक्षरं अण्णांनी ब्रशने रंगवली, 'को' थोडा तिरका आला आहे, तसाच ठेवला.

तिथल्या रुळांवर चालेल असं इंजिन मात्र अजून मिळालेलं नाही. मी तसं अण्णांना बोललो तर म्हणाले, "राहू दे. कुणी विचारलं तर गाडी लेट आहे म्हणून सांग."

तोवर रोज संध्याकाळी ते शेजारच्या मार्गावर स्कॉट्समन चालवतात. सांधा तेच बदलतात, मला हात लावू देत नाहीत. दिवाळीला याल तेव्हा बघालच. येताना चपला जिन्याखालीच काढा, धूळ फार येते.