तिसऱ्या मात्रेपासून

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. दादाच्या आजारपणामुळे अमरावती-अकोला फेऱ्या चालू होत्या, त्यात लिहिणं राहूनच गेलं.

मध्यंतरी नातीनं पुण्याहून मोबाइलवर एक गाणं पाठवलं. सोबत लिहिलं होतं, "आजी, तू भाजी चिरतानासुद्धा मात्रा मोजतेस ना? मग हे मोजून दाखव." गाणं कसलं, शब्द नाहीतच. नुसता पियानो, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईचा जॅझशी संबंध तो काय! पण बोटं मोजू लागली आणि अडली. चाराचा हिशेब काही केल्या बसेना. तीनदा ऐकल्यावर लक्षात आलं, अगं बाई, हे तर पाचाचं आहे!

मग माहिती काढली. डेव्ह ब्रुबेक हा अमेरिकेतला पियानोवादक. त्याच्या चौघांच्या ताफ्याची ही 'टाइम आउट' नावाची रेकॉर्ड, 1959 सालची. तोवर जॅझ बहुतेक चाराच्याच चालीनं चालायचं. आदल्या वर्षी, 1958 मध्ये, अमेरिकन सरकारनं या मंडळींना देशोदेशी दौऱ्यावर पाठवलं होतं. तुर्कस्तानात रस्त्यावरचे वादक नऊ मात्रांची लय सहज वाजवताना ब्रुबेकनं ऐकले. दोन, दोन, दोन, तीन अशी. रेकॉर्डमधली पहिली रचना त्यातूनच निघाली. त्याच दौऱ्यात ते आपल्याकडेही आले होते. मुंबईत ब्रुबेक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवायला बसला. मद्रासला त्याच्या ड्रमवाल्यानं, जो मोरेलोनं, पळनी सुब्रमण्यम पिळ्ळै यांच्या मृदंगाशी जोड जमवली. असल्या अवघड तालांची रेकॉर्ड खपणार कशी, अशी कंपनीत धाकधूक होती म्हणे. ती लाखोंनी खपली!

नातीनं पाठवलेलं 'टेक फाइव्ह' मात्र सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडनं रचलेलं. मोरेलोला पाचात मोकळं वाजवता यावं म्हणून. आणि गंमत बघा, ड्रमचं एकट्याचं वादन चालू असताना ब्रुबेक पियानोवर तोच एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात, अगदी तसा. वाजवणारा कुठंही भटकून आला तरी घर जागेवर सापडलं पाहिजे.

इथं मला अकोल्याचं आमचं घर आठवलं. दादा बैठकीत तबला वाजवायचा. मुलीच्या जातीनं तबल्याला हात लावायचा नाही, असा आमच्या आजीचा दंडक. मी माजघरात गहू निवडत मांडीवर मोजायची. लेहरा धरायला गल्लीतला एक मुलगा येई. तो आला नाही की दादाची समेवर ओढाताण व्हायची, चिडून तबला बाजूला सारायचा. झपतालाचा लेहरा मला आत बसून तोंडपाठ झाला होता. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

दादाला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं आणि बोलणंही. पाणी हवं असलं तर शब्द सापडत नाही. "हो" म्हणायचं असतं तिथं "नाही" निघतं. मला वहिनीच्या नावानं हाक मारतो आणि चूक कळली की डोळे मिटून घेतो. ते पाहवत नाही.

मागच्या खेपेला बडनेऱ्याहून गाडीत बसले तेव्हा ठरवूनच निघाले होते. दादाच्या उशाशी मोबाइल ठेवला आणि गाणं लावलं. वहिनी म्हणाली, "काय लावलं वं माय हे! भांडे वाजवून रायले का कोणी?"

दादा छताकडे पाहत होता. थोड्या वेळानं डावा हात पांघरुणावर हलू लागला. मला राहवेना. मास्तरीण ना! म्हटलं, "दादा, अर्धा झपताल ना रे? धी ना, धी धी ना?"

दादानं मान हलवली. नाही. मला वाटलं, नेहमीसारखं "हो"च्या जागी "नाही" आलं असेल. पण त्यानं हात आपटला, आणि तोंडातून स्वच्छ बोल आले, "धी धी ना... धी ना." पुन्हा तेच. मग तीन बोटं वर केली.

मी पुन्हा ऐकलं. खरंच की! आधी तीन, मग दोन. झपताल दोन-तीनचा, हे तीन-दोनचं. झपताल तिसऱ्या मात्रेपासून धरला तर जसा लागेल, तसं. मी पंचवीस वेळा ऐकूनही माझ्या ओळखीच्या तालात कोंबत बसले होते. त्यानं एकदा ऐकून माझी चूक काढली, आणि तीही बोलून! वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलणं गेलेल्या काहींचं पाठांतर आणि गाणं शाबूत राहतं. दादा बरा झाला असं मी म्हणणार नाही. पाणी अजूनही खुणेनंच मागतो.

गाणं संपलं तरी हात चालूच होता. डावा, डग्ग्याचा हात. मी हळूच आमच्या घरातला झपतालाचा लेहरा गुणगुणायला लागले. साठ वर्षांनी, न विचारताच. दादानं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव काही आठवलं नाही त्याला, पण समेवर मात्र दोघंही बरोबर आलो.

रविवारी पुन्हा जाणार आहे. वहिनीनं डग्गा माळ्यावरून उतरवून ठेवलाय.