लिनेचा ठिपका

चंद्रावरच्या लिने विवराचा विषय निघाला की मला युलिउस श्मिट आठवतो. अथेन्सच्या वेधशाळेचा संचालक, आयुष्यभर चंद्राची चित्रं काढत बसलेला माणूस. १८६६ साली त्याने जाहीर केलं की मारे सेरेनिटाटिसच्या काळपट मैदानातलं लिने नाहीसं झालंय! जुन्या नकाशांत चांगलं खोल विवर, आणि आता नुसता पांढरा डाग. झालं. युरोपभर लोक दुर्बिणी लावून बसले. गंमत म्हणजे, जुना नकाशा ज्याचा, त्या मेडलरने १८६७ मध्ये पाहिलं आणि म्हणाला, मला तर पूर्वीसारखंच दिसतंय.

लिने आहे जेमतेम सव्वादोन किलोमीटर रुंद. आघाताने उडालेला फिकट चुरा त्याच्याभोवती पसरलाय. सूर्य वर चढला की आतली सावली जाते आणि उरतो तो हा पांढरेपणा. अपोलो १५ ने १९७१ मध्ये काढलेल्या फोटोत विवर कसं रेखीव दिसतं!

मला श्मिटची कीव येत नाही. दिसलं ते त्याने छातीठोकपणे सांगितलं. माझ्या चार इंची दुर्बिणीतून मलाही ठिपकाच दिसतो, गेली चौदा वर्षं वहीत काढतोय. हल्ली तो मोठा होत चाललाय. म्हणजे... मी ज्या डोळ्याने बघतो त्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशनची तारीख मिळालीय. तोवरची चित्रं मात्र खोडणार नाही. बाजूला फक्त 'डावा डोळा' असं लिहून ठेवतो.