पाथरीची भैन

परड्यातल्या वाफ्यातलं लेट्यूसचं पहिलं पान तोडलं आणि देठाच्या टोकावर दुधाचा थेंब आला. टाचणीच्या डोक्याएवढा, पांढराशुभ्र. आई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. तिनं तो थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि म्हणाली, "आरं, ही तर पाथरीची भैन की!"

तिचं खरंच आहे. लेट्यूस आणि रानातली पाथरी एकाच सूर्यफुलाच्या कुळातल्या, दोघी चिकाच्या. लॅटिनमध्ये दुधाला लॅक म्हणतात. लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका त्यावरूनच आलं. आईनं ते नातं जिभेवर ओळखलं.

हातकणंगल्याची आमची जमीन काळी, ऊस मागणारी. जिऱ्याहून बारीक असलेलं हे बी मी पहिल्यांदा ऑक्टोबरच्या उन्हात, मेथीसारखं मातीखाली दाबून पेरलं. एकही उगवलं नाही. या बियाला उजेड लागतो आणि जमीन तिशीच्या वर तापली की ते झोपून राहतं, हे नंतर समजलं. दिवाळीनंतर ओल्या फडक्यात गुंडाळून दोन रात्री फ्रिजात ठेवलं, मग चाळलेल्या शेणखतावर नुसतं भुरभुरलं. चौथ्या दिवशी सकाळी वाफ्यावर हिरवी टिंबं होती. मी किती वेळ उकिडवा बसून होतो, कोण जाणे.

पानं काढायची ती ऊन यायच्या आत. रात्रीच्या गारठ्यानं ती ताठ झालेली असतात. बोटानं खाली वाकवलं की कट्‌ असा बारीक आवाज येतो. बाहेरची तेवढी घ्यायची, गाभा राखायचा. पाच-सहा दिवसांत झाड पुन्हा भरतं. थंडीभर एकच वाफा पुरला. शेजारच्या जैन काकूंचा चातुर्मास सरला होता, त्यांची पालेभाजी पुन्हा सुरू झाली होती. एक बुट्टी त्यांच्याकडं गेली. त्यांनी दाण्याचं कूट नि दही घालून कोशिंबीर केली.

आई मात्र पान भाकरीवर ठेवते, वर खर्डा. भांगलणीला जायची तेव्हा ओच्यात पाथरी जमायची, पाटाच्या पाण्यात खळबळून बांधावर कच्चीच खाल्ली जायची. माळवं विकत आणायचं ते बाजारादिवशी. एरवी रान देईल ते. आता उसात तणनाशक मारतात. सरीत पाथरी दिसत नाही, आणि भांगलणाऱ्या बायकाही. मला याचं फार वाईट वाटतं. परवा वाफ्याच्या कडेला पाथरीचं एक रोप आपोआप उगवलं, त्याला आईनं खुरपं लागू दिलं नाही.

शिवरात्र झाली, ऊन चटकलं. लेट्यूसनं मधूनच उंच दांडा काढला, पानं कडू झाली. मी उपटायला गेलो तर आईनं हात धरला. महिन्याभरानं फुलं आली, पिवळी, इवलीशी, थेट पाथरीसारखी. मग म्हाताऱ्या उडायला लागल्या. आईनं जुन्या लुगड्याचा तुकडा झाडाला बांधला. बी झटकून, राखेत घोळवून दोडक्याच्या बियांशेजारी डब्यात ठेवलं. डब्यावर काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "पाथरीच लिही."