गुढियारीचा १ मार्च

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी सुमारे ३०० किलोमीटर धावून रायपूरला थांबते. बहुतेक प्रवासी मुख्य दरवाजाने शहरात जातात. दुसऱ्या अंगाचा दरवाजा मात्र गुढियारीत उघडतो. रुळांपलीकडची ही वस्ती म्हणजे ठोक किराण्याची दुकाने, पोत्यांनी लादलेल्या हातगाड्या, घामाघूम हमाल, दाटीने उभी घरे आणि त्यांवरच्या सिमेंटच्या गच्च्या. मार्च उजाडला की या गच्च्यांवर पापड वाळू लागतात आणि घराघरांत एकच विषय निघतो : कूलर कधी काढायचा?

‘‘अहो, पूर्वी शिमग्यापर्यंत रात्री पांघरूण लागायचं,’’ घरातले आजोबा सांगतात. ‘‘आजोबा, तुम्ही दर वर्षी हेच म्हणता!’’ नातवंडे हसतात. खरे कोणाचे? एखाद्या तारखेच्या जुन्या नोंदी यावर थोडा प्रकाश टाकू शकतात. मात्र त्या वाचता यायला हव्यात. त्यासाठी १ मार्च ही तारीख सोयीची आहे.

पायरीवरचा दिवस

रायपुरात फेब्रुवारीचे सरासरी कमाल तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर मार्चचे ३५-३६ अंशांच्या घरात जाते. मे महिन्यात पारा सरासरी ४२ अंशांजवळ पोहोचतो. १ मार्च हा या जिन्यावरच्या पहिल्या पायरीचा दिवस. उत्तरेकडचा कोरडा वारा असला तर सकाळ गार लागते. तोच वारा थांबून आकाश निरभ्र राहिले की दुपार चटके देते. कधी पश्चिमेकडून आलेला हवेचा विक्षोभ आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली वाफ यांची गाठ पडते. मग ढग गडगडतात, गाराही कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी अजून विसरलेले नाहीत. छत्तीसगडच्या खेड्यांत हाच काळ मोहाची फुले वेचण्याचा असतो. अवेळी आलेली एक सर वेचणाऱ्या कुटुंबांची कमाई भिजवून जाते.

त्यामुळे एकाच वर्षाच्या १ मार्चवरून निष्कर्ष काढणे म्हणजे एका शितावरून सगळ्या गावजेवणाची परीक्षा करणे होय. म्हणूनच हवामानशास्त्रज्ञ निदान ३० वर्षांची सरासरी धरतात. सध्या जगभर त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ वापरला जातो.

साडेआठचा हिशेब

नोंद होते कशी? वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी असते. तिच्या आत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, तापमापक ठेवलेले असतात. ऊन थेट लागू नये आणि वारा मात्र खेळावा, अशी ही योजना. सकाळी ८.३० आणि सायंकाळी ५.३० या भारतातील ठरलेल्या वेळा आहेत. रात्रीचे किमान तापमान सकाळी वाचतात, दिवसाचे कमाल तापमान सायंकाळी. आता स्वयंचलित यंत्रेही आली आहेत, पण हिशेब तोच.

पावसाची गंमत वेगळी आहे. सकाळी ८.३० ला मोजलेला पाऊस हा मागच्या २४ तासांचा असतो. म्हणजे २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पडलेली सर १ मार्चच्या खात्यावर जमा होते, आणि १ मार्चच्या दुपारची सर २ मार्चच्या! ‘त्या दिवशी तर आम्ही भिजलो होतो, मग नोंदीत पाऊस कसा नाही?’ अशा वादाचे मूळ बहुधा इथे असते.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. त्याचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्याला आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्यातले ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्याचीच आठवण. देशभरच्या हवामान-नोंदींचे भांडार आजही पुण्यात आहे. गुढियारीच्या आजोबांचा वाद मिटवणारे आकडे असे मराठी मुलखातच जपलेले आहेत.

तिथी आणि तारीख

आता आजोबांच्या आठवणीकडे वळू. आठवण चालते तिथीवर, नोंद चालते तारखेवर. २०१८ मध्ये होळी पेटली ती १ मार्चला, तर २०२१ मध्ये २८ मार्चला. मध्ये २७ दिवसांचे अंतर! एवढ्या काळात रायपूरचे सरासरी कमाल तापमान चार-पाच अंशांनी चढते. लवकर आलेल्या शिमग्याला पांघरूण लागले आणि उशिरा आलेल्याला पंखा, तर त्यात नवल कसले? ज्या वर्षीची होळी आठवते, त्या वर्षीची तारीख आधी पाहावी आणि मगच दुसऱ्या वर्षाशी तुलना करावी.

पण म्हणून आजोबांना मोडीत काढण्याची घाई नको. देशपातळीवरच्या नोंदी त्यांच्याच बाजूने बोलतात. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश होते. १९०१ पासूनच्या नोंदींत तोवर तेवढा तापलेला मार्च नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये २९.५४ अंशांचा असाच उच्चांक झाला. वसंताचे दिवस आखडत चालल्याची तक्रार नुसती म्हातारपणाची कुरकूर नाही.

गच्ची काय सांगते?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रायपूरची विमानतळावरची नोंद मान्याला होते. ते ठिकाण शहराबाहेर, मोकळ्यावर आहे. गुढियारीतल्या सिमेंटच्या गच्च्या आणि डांबरी गल्ल्या दिवसभर ऊन पितात व रात्री ते सावकाश सोडतात. म्हणून वर्तमानपत्रातला आकडा आणि माळ्यावरच्या खोलीतला उकाडा यांचा मेळ बसत नाही. जुन्या नोंदी पाहताना सर्वांची नजर कमाल तापमानावर जाते. घरच्यांनी किमान तापमानाचा रकानाही पाहावा. दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला, तान्ह्या बाळाला आणि वृद्धांना विसावा मिळतो तो रात्रीच्या गारव्यातच. रात्र गरम राहिली की दुसऱ्या दिवसाचे ऊन अधिक बाधते.

यावर घरगुती उपाय अगदी साधा आहे. एक तापमापक सावलीत, तापणाऱ्या भिंतीपासून दूर टांगावा. सकाळी ८.३० आणि सायंकाळी ५.३० ला आकडा वाचून किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहावा. सोबत तिथी आणि पाऊस किती वाजता पडला, तेही. दहा वर्षांनी ही वही स्वतःच्या गल्लीची साक्ष देईल. मालाची चढउतार पहाटे उरकावी का, गच्ची चुन्याने पांढरी करावी का, आजोबांची खाट खालच्या मजल्यावर कधी हलवावी, हे ठरवायला ती उपयोगी पडेल.

आणि हो, कूलर कधी काढायचा, हेही.