आंबीची एक एकर आणि उल्सानचे देवमासे

परवा शनिवारी सकाळच्या लोणावळा लोकलने तळेगावला उतरलो. मामांचा फोन आला होता, "आरं, एकदा यून जा. जमिनीचं बोलायचंय."

मामांचं घर आंबीत. तळेगाव स्टेशनहून निघायचं, इंद्रायणी ओलांडायची, की आलंच. मी सुट्टीत यायचो तेव्हा पुलापलीकडे नुसती भातखाचरं होती. आता एमआयडीसी, ट्रेलर, कॉलेजं आणि 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या.

मामांकडे एक एकर उरलीय, बाकीची कारखान्यांसाठी गेली. "इकू का ठिवू?" एवढाच प्रश्न. मला विचारायचं कारण म्हणजे मी कोरियात राहून आलोय! कंपनीने मागे तीन महिने उल्सानला पाठवलं होतं, आणि तळेगावात आता ह्युंदाई आलीय. म्हणून मी तज्ज्ञ. :)

उल्सान हे कोरियाच्या आग्नेय किनाऱ्यावरचं गाव, तिथलं एक बंदर देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होतं. 1962 मध्ये सरकारने तिथे औद्योगिक क्षेत्र जाहीर केलं, 1968 मध्ये ह्युंदाईचा मोटार कारखाना सुरू झाला, मग जहाजं वगैरे. आज वस्ती अकरा लाखांच्या आसपास. थेह्वा नदी कारखान्यांनी पार नासली होती. पुढे ती साफ केली, आणि काठच्या बागेला 2019 मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. (आळंदीला इंद्रायणीवरचा फेस पाहिलेल्याला हे वाचून काय वाटतं ते सांगायला नको.)

पण माझ्या डोक्यात राहिलाय तो शहराबाहेरचा एक कातळ. त्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी देवमासे कोरलेत, पाठीवर पिल्लू घेतलेली मादीसुद्धा. कारखान्यांना पाणी हवं म्हणून 1965 मध्ये खालच्या बाजूला धरण झालं. तेव्हापासून पाणी चढलं की देवमासे बुडतात, ओसरलं की वर येतात. 2025 मध्ये हा कातळ युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. पाणी अजून चढतंच.

हे सगळं मामांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आपल्याकडं काय कमी झालंय व्हय?"

खरंच की. तळेगाव म्हणजे सरसेनापती दाभाड्यांचं गाव. खंडेरावांना शाहू महाराजांनी सेनापतिपद दिलं 1717 मध्ये, आणि त्यांचा मुलगा त्र्यंबकराव 1731 मध्ये डभईला बाजीरावाशी लढताना पडला. जानेवारी 1779 मध्ये पुण्यावर निघालेली इंग्रज फौज तळेगावपर्यंत आली, समोर मराठे बघून जड तोफा तळ्यात टाकून मागे फिरली आणि वडगावला तह करून बसली. 1908 मध्ये लोकांच्या एकेक पैशावर पैसा फंडाचा काचकारखाना इथेच निघाला. जनरल मोटर्स 2008 मध्ये आली, 2020 च्या डिसेंबरात तिचं उत्पादन थांबलं. तोच कारखाना ह्युंदाईने घेतला आणि 2025 मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या.

मामेभाऊ हे ऐकत होता. त्याचे दोन कारखाने करून झालेत, दोन्हीकडे कंत्राटी. तो म्हणाला, "दादा, नाव बदलतंय, गेट तेच." त्याला एकर विकून गाळे काढायचेत. चूक आहे असं मला म्हणता येईना. माझा स्वतःचा पगार कुठून येतो!

मग आम्ही शेतावर गेलो. राब भाजलेला काळा तुकडा, त्यात नुकतं उगवलेलं भाताचं रोप. इंद्रायणीच पेरलाय. आंबेमोहोर आणि आयआर-8 च्या संकरातून वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा भात. पुण्यात आपण भाव विचारून नाक मुरडतो तो हाच.

"मामींना विचारलंत का?" मी म्हटलं.

मामा गप्प. सातबारावर मामींचं नाव नाही. लावणीला मात्र पहिल्या त्याच उतरतात.

घरी आल्यावर मामींनी पिशवी हातात दिली, पाच किलो तांदूळ. मामांकडे न बघता म्हणाल्या, "औंदाची लावणी व्हऊ द्या. मंग काय त्ये बोला."

संध्याकाळची लोकल वीस मिनिटं लेट होती.