नववीतला भागाकार

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत मी गणित शिकवते. मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं पुष्कळ. निजामाच्या राजवटीतल्या सरकारी शाळांचा तो वारसा. उरलेल्या महाराष्ट्रात माध्यमिक शाळा बहुतेक खाजगी संस्थांच्या. आमच्या भागात ज्यांना परवडतं ते पोरांना तालुक्याच्या गावी घालतात. राहतात ती कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि ऊसतोड कामगारांची लेकरं. माझा वर्ग त्यांचाच.

नववीचं पुस्तक उघडलं की पहिलं प्रकरण संच, दुसरं वास्तव संख्या. मी जूनमध्ये पुस्तक उघडायच्या आधी फळ्यावर 612 भागिले 6 लिहिते. बऱ्याच वह्यांत उत्तर येतं 12. सहा एके सहा झालं, मग 1 ला 6 ने भाग जात नाही म्हणून पोरं पुढचा 2 खाली घेतात आणि 12 ला भाग देऊन मोकळी होतात. मधलं शून्य कुठेच नसतं. दशकाच्या घरात काही नसलं तरी ते घर रिकामं सोडायचं नसतं, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलंच नसतं. ज्याला हे शून्य दिसत नाही त्याला मी बहुपदींचा भागाकार कसा शिकवू?

हे आमच्याच गावाचं दुखणं नाही. जानेवारी 2024 मध्ये आलेला ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचा अहवाल 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांवर होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमलं ते 43 टक्क्यांच्या आसपास मुलांना. चौघांतल्या एकाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता. तो अहवाल वाचताना मला एकेका आकड्यामागे माझ्या वर्गातली तोंडं दिसत होती.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. दसरा झाला की टोळ्या निघतात. आई-बाप, धाकटी भावंडं, शेळी, भांडीकुंडी, सगळं ट्रॅक्टरमध्ये. मग पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या तळावर कोपी घालून राहायचं, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत. तिसरी-चौथीत भागाकार चालू होता तेव्हा हे पोर तिथे धाकट्याला सांभाळत होतं. पुढच्या वर्षीही तेच. उन्हाळ्यात परत आलं की नाव पटावर असतं आणि वरच्या वर्गात बसायचं. लेकराची बुद्धी कमी पडली असं मला एकदाही वाटलेलं नाही.

सरकारने यावर काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. हंगामी वसतिगृहांनी मोठं काम केलंय. पोर गावातच आजीपाशी राहतं, दोन वेळचं जेवण सरकारी खर्चाने, शाळा सुटत नाही. त्या पैशामुळे टिकलेली मुलं मी शिकवली आहेत. पण ही सोय 6 ते 14 वयाची, म्हणजे आठवीपर्यंतची. नववीत पाऊल ठेवलं की तेच लेकरू योजनेबाहेर, आणि नेमकं त्याच वयात ते कोयता धरायला तयार झालेलं असतं. मुलगी असेल तर घरात वेगळीच बोलणी सुरू होतात, कारण उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडप्याला मिळते. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर झाली, ती संत भगवानबाबांच्या नावाची. आमच्या मुलींना अशा वसतिगृहाची किती गरज आहे, हे त्यांच्या आयांना विचारावं.

‘निपुण भारत’ 2021 मध्ये आलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला 2026-27 पर्यंत वाचन आणि अंकज्ञान यावं, हे त्याचं ध्येय. ध्येय योग्यच आहे. पण पाया म्हटला की सगळ्यांची नजर तिसरीवर जाते, आणि पाया कच्चा राहून नववीत आलेलं पोर कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

आमच्या शाळेला एका वर्षी उपचारात्मक वर्गांसाठी निधी मिळाला तो फेब्रुवारीत. तोवर निम्मा वर्ग उसाच्या फडात. मार्चअखेर खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं होतं. पुस्तिका छापून आल्या, चांगल्या होत्या. वाटायला मुलं नव्हती. पुढे 2023 च्या पावसाळ्यात पैसे शाळा सुरू झाल्यावर लगेच आले. रक्कम फार नव्हती. मुख्याध्यापक सर म्हणाले, “मॅडम, याच्यात पुन्हा पुस्तिकाच घेऊ, हिशेबाला सोपं जातं.” मी म्हटलं, “सर, माणूस घेऊ.” व्यवस्थापन समितीत चर्चा झाली आणि गावातलीच बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर घरी बसलेली एक सून मानधनावर आली. मुलं तिला ताई म्हणायला लागली.

परिपाठाआधी एक तास. आठवी-नववीची मुलं, पण वर्गाप्रमाणे नाही, येतं काय त्याप्रमाणे बसवलेली. तिसरीचं पुस्तक आणलं नाही, कारण चौदा वर्षांचा मुलगा ‘इयत्ता तिसरी’ लिहिलेलं पुस्तक हातात धरून चारचौघांत बसत नाही. तो दुसऱ्या दिवशीपासून येणंच बंद करतो. ताई उदाहरणं घरची घ्यायची. एकदा तिने फळ्यावर लिहिलं: उचल 90,000 रुपये, तोडणीचा दर टनाला 300 रुपये धरा, एका कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, दिवसाला 2 टन तोड. उचल फिटायला किती दिवस?

वर्गात एवढी शांतता मी क्वचितच ऐकली आहे. 90,000 भागिले 300, तीनशे टन. भागिले 2, दीडशे दिवस. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “ताई, पट्टा तर चार महिन्यांत पडतो.” मग 120 दिवस धरून त्याने पुन्हा मांडणी केली. 240 टन, 72,000 रुपये. उरलेले 18,000 अंगावर. ते पुढच्या सालच्या उचलीत धरले जातात, हे त्याला घरून माहीत होतं. ते कुठून येतात हे त्याने त्या दिवशी स्वतः काढलं. त्या हिशेबात शून्यं किती होती, आणि एकही सुटलं नव्हतं.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरली, तेव्हा गावात राहिलेल्या मुलींनी टक्केवारी शिकवा म्हणून आपणहून वही पुढे केली.

तोवर बहुतेकांचा भागाकार बसला होता. आठ वर्षांच्या लेकरापेक्षा चौदा वर्षांचं पोर तो लवकर शिकतं, कारण व्यवहार त्याने पाहिलेला असतो. आमची रीत नवी नव्हती. मुंबई आणि वडोदरा इथल्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांना खरोखर फायदा झाला होता. ती प्राथमिकची मुलं होती. पण वस्तीतलं माणूस आणि मुलाच्या पातळीवरून सुरुवात, ही रीत हायस्कुलातही चालते, हे मी माझ्या वर्गात पाहिलं.

2015 नंतर पायाभूत चाचण्या आल्या, 2021 मध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यास आला, नंतर नियतकालिक मूल्यांकन चाचणी (पॅट) आली. चाचणी हवीच. पण कुणाला काय येत नाही हे कळल्यावर त्याच्याजवळ बसणारं माणूस लागतं, आणि त्या माणसाच्या तासाचा खर्च अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापला जातो. पाचवी-आठवीत पुन्हा नापास करायचं, असं 2023 मध्ये ठरलं. नापास होऊन त्याच वर्गात राहिलेलं आमचं पोर पुन्हा शाळेत कशाला बसेल? घरचे त्याला फडावर घेऊन जातील.

दुसऱ्या वर्षी मानधनाची तरतूद आली नाही. ताईने काही आठवडे तसंच शिकवलं, मग तिला ते परवडेना.

आता पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी शाळांकडून मागणी मागवली आहे. आम्ही भिंतीवरची रंगरंगोटी, टॅब, पुस्तिका यातलं काही लिहिलेलं नाही. ताईचं मानधन आणि त्याचा पहिला हप्ता जूनच्या आत, एवढंच लिहिलंय. जून ते दसरा हाच काळ असा असतो की माझा अख्खा वर्ग गावात असतो.