आजीची सायकल आणि टेसेल बेट

"आई, तुला सायकल येते ना गं?"

हॉलंडमध्ये लेकीकडे जाऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. "येत होती," मी म्हटलं, "लग्नाआधी."

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथल्या कॅम्पातल्या मैदानावर भावाच्या सायकलीवर गुडघे फोडून घेत मी शिकले, आणि शाळा संपेपर्यंत चालवली. मग लग्न होऊन सांगलीला आले. सायकल चालवू नकोस असं सासरी मला कुणी म्हटलं नाही. पण चालव, असंही कुणी म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही. अशी बत्तीस वर्षं गेली.

"हाडबीड मोडलंस तर परक्या मुलखात कुठं धावायचं?" हे म्हणाले. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. पण लेकीनं तोवर बोटीच्या वेळासुद्धा पाहून ठेवल्या होत्या. तीन दिवस, टेसेल बेट, सगळ्यांनी सायकलवर!

पायडल उलटं फिरवू नका!

टेसेल हे हॉलंडच्या उत्तर टोकाजवळचं बेट. लिहिताना मध्ये 'एक्स' घालतात, पण म्हणतात मात्र टेसेल. अ‍ॅमस्टरडॅमहून आगगाडीनं सव्वा तासात डेन हेल्डर येतं, आणि तिथून बोटीनं वीस मिनिटांत बेट. ही बोट बेटवाल्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे बरं का! १९०७ साली त्यांनी आपसांत भाग विकून कंपनी काढली, ती अजून चालू आहे.

बेटाची लांबी सुमारे पंचवीस किलोमीटर. माणसं साधारण चौदा हजार, आणि मेंढ्याही त्यांच्या तोडीस तोड. सगळं कसं पाटासारखं सपाट. 'उंच डोंगर' अशा अर्थाचं नाव असलेली एक जागा आहे, तिची उंची पंधरा मीटर! आमच्या सांगलीच्या बायका चहा पिता पिता चढतील.

बोटीतून उतरल्याबरोबर धक्क्यापाशीच सायकली भाड्यानं मिळतात. मला दिली ती काळी, उंच मुठींची, मध्ये दांडा नसलेली. तिला तिथं 'ओमाफीट्स' म्हणतात. 'ओमा' म्हणजे आजी आणि 'फीट्स' म्हणजे सायकल. "घ्या, आई, तुमच्याच नावाची निघाली," जावई म्हणाले.

बसले. दोन-चार हात डगमगले आणि चक्क चालायला लागले! पाय काही विसरले नव्हते. पण आपल्याला सवय असते ना, मध्येच पायडल मागे फिरवायची? तसं मी केलं, आणि सायकल जागच्या जागी थांबली. मी मात्र थांबले नाही; शेजारच्या गवतात जाऊन बसले. या सायकलींचा ब्रेक पायडलातच असतो. उलटं फिरवलं की चाक धरतं. हे आधी कुणी सांगायला नको का?

ह्यांचा चेहरा पांढरा झाला होता. मी ओढणी झटकली आणि पुन्हा बसले. बत्तीस वर्षांनी उठून पुन्हा बसता येतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

आकडे वाचत रानातून

मोटारींच्या रस्त्यापासून वेगळी, तांबूस रंगाची सायकलवाट. एप्रिलअखेर होती. डेन होर्न गावाजवळ ट्यूलिपची शेतं लाल-पिवळ्या साड्या वाळत घातल्यासारखी पसरली होती. कुरणांत कोकरं उड्या मारत होती. मधून मधून एका बाजूनं कापून टाकल्यासारखी दिसणारी घरकुलं होती. एक अंग सरळ भिंतीचं, दुसरं छपरानं थेट जमिनीपर्यंत उतरलेलं. मला वाटलं मेंढ्यांची असतील. पण मेंढ्या बारा महिने बाहेरच राहतात. आत ठेवतात चारा आणि अवजारं. वारा येतो त्या बाजूला छपराचा उतार, म्हणजे तो वरून सरकून जातो. किती साधी अक्कल!

वाट चुकायची भीती नाही. प्रत्येक तिठ्यावर खांबाला एक आकडा. सकाळी नकाशा पाहून आकडे चिठ्ठीवर उतरवायचे, वाण्याच्या यादीसारखे, आणि एकेक खोडत जायचं. ही युक्ती बेल्जियममधल्या ह्यूगो बोलेन नावाच्या खाण-अभियंत्याची. खाणीतल्या बोगद्यांत वाट सापडावी म्हणून असे आकडे असत, ते त्यानं वर उजेडात आणले. १९९५ साली तिकडे सुरू झालेली ही पद्धत मग हॉलंडभर गेली.

मग आलं रान. त्याचं नाव 'द डेनन', म्हणजे पाइनची झाडं. हे रान आपोआप उगवलेलं नाही. उडती वाळू धरावी आणि लाकूडही मिळावं, म्हणून शंभरएक वर्षांपूर्वी माणसांनी लावलेलं. आत शिरल्याबरोबर वारा थांबला. खाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर, वर झाडांची सू-सू, आणि पलीकडून न दिसणारा समुद्र. मला एकदम माहेरच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन आठवलं. वास वेगळा, पण आवाज तोच!

घाई कुणालाच नव्हती. तासाला दहा-बारा किलोमीटर म्हणजे खूप झालं. बाकावर बसायचं, तिखटमिठाच्या पुऱ्या खायच्या, पुन्हा निघायचं. त्या दिवशी द कोग गावात मुक्काम केला तेव्हा जेमतेम वीस किलोमीटर झाले होते.

दुसऱ्या दिवशी द स्लुफ्टर पाहिलं. एकोणिसाव्या शतकात माणसांनी इथं वाळूचा बांध घालून समुद्र अडवायचा प्रयत्न केला. समुद्रानं तो फोडला. आता भरतीचं पाणी टेकड्यांच्या खिंडीतून बिनधास्त आत येतं नि जातं. पुढे उत्तर टोकाला १८६४ सालचा लाल दीपस्तंभ. त्याच्या आत जुन्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. एप्रिल १९४५ मध्ये जर्मन सैन्यात भरती केलेल्या जॉर्जियन सैनिकांनी इथं बंड केलं. मेच्या सुरुवातीला जर्मनी शरण आली, तरी या बेटावर २० मेपर्यंत माणसं मरत होती. शंभराहून अधिक बेटवासी गेले. इतक्या शांत जागी हे ऐकून पोटात कालवलं.

अनाथांच्या विहिरी

तिसरा दिवस परतीचा, पूर्वेच्या बंधाऱ्याकडून. एका हाताला हिरवी कुरणं, दुसऱ्या हाताला वाडन समुद्र. ओहोटीला तो चक्क निघून जातो आणि मैलोन् मैल चिखल उरतो. २००९ पासून तो जागतिक वारशात आहे.

सपाट मुलखात चढ नसतो, पण वारा असतो. त्या दिवशी तो समोरून होता. पायडल मारावं आणि सायकल तिथंच. "आई, हळू हळू या," म्हणत जावई थांबत होते. हे तर दर पाच मिनिटांनी मागे वळून पाहत होते. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही सगळे पुढे व्हा. मला तुमच्या थांबण्यानंच दम लागतोय."

ते गेले. आणि मी एकटी राहिले. मोठ्या आवाजात गाणं म्हटलं, कारण ऐकायला मेंढ्याच होत्या. दमले की उतरून चालले. वाऱ्याशी भांडण सोडून दिलं तेव्हा तोही जरा मऊ वाटायला लागला. किती वर्षांनी मी एखाद्या रस्त्यावर अशी एकटी होते, कुणाच्या पुढे नाही, कुणाच्या मागे नाही? हिशेबच लागेना.

आउदस्खिल्ड बंदराजवळ सगळे वाट पाहत होते. तिथं जवळच जुन्या विहिरी आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पूर्वेला निघण्याआधी अनुकूल वाऱ्याची वाट पाहत याच बेटाच्या आडोशाला थांबत. या विहिरींच्या पाण्यात लोह फार, त्यामुळे ते लांबच्या प्रवासात जास्त दिवस टिके. म्हणून जहाजं इथून पाणी भरून घेत, आणि त्याचा पैसा गावच्या अनाथाश्रमाला मिळे.

मी विहिरीपाशी उभी राहिले आणि अंगावर काटा आला. याच कंपनीनं १६३७ साली आमच्या वेंगुर्ल्यात वखार घातली. शाळेत जाताना तिच्या पडक्या भिंतींवरून मी सायकल नेत होते. "अहो, म्हणजे मी माहेरीच आले की!" मी ह्यांना म्हटलं. हे हसले आणि म्हणाले, "आणि तेही सायकलवर."

जाणार असाल तर

लेकी-सुनांकडे तिकडे जाणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी. एप्रिलअखेर ते सप्टेंबर हा काळ बरा. पण पावसाचा कोट आणि कानटोपी हवीच. ओढणी घेतलीत तर कमरेला घट्ट बांधा, चाकात जाते. सीट आपल्या उंचीला लावून घ्या, आणि ब्रेक कुठं आहे ते विचारल्याशिवाय बसू नका! बोटीचं भाडं जातानाच घेतात, परतताना नाही. शाकाहारी असाल तर तिथले मोठाले गोड घावन आणि मेंढीच्या दुधाचं चीज मिळतं. गुडघे कुरकुरत असतील तर बॅटरीची सायकलही भाड्यानं मिळते. तिथल्या कितीतरी आज्या तीच चालवतात. लाजू नका.

सांगलीला परतून आता तीन महिने झाले. माळ्यावर लेकीची जुनी सायकल होती, ती दुरुस्त करून घेतली. रविवारी सकाळी सहाला हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत जाते. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. पहिल्या रविवारी शेजारच्या वहिनी गॅलरीतून पाहत होत्या. परवा त्यांनी फाटकाशी गाठून हळूच विचारलं, "मला शिकवाल?"

ह्या रविवारी आम्ही दोघी मैदानावर जाणार आहोत.